अख्खं लॉक बदलण्याआधी एवढं तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं बिघडलेलं सेंट्रल लॉक

औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथे २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू झाली आणि २००४ मध्ये तिची आरएस ही तेज आवृत्ती आपल्याकडे आली. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे दीडशे अश्वशक्ती आणि कडक सस्पेन्शन. चार दारं आणि ऐसपैस डिकी असली तरी शौकिनांनी तिला स्पोर्ट्स कारच मानलं. वीस वर्षं उलटून गेली, तरी पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर भागात या गाड्या आजही जिवापाड सांभाळलेल्या दिसतात. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठीक, रंग शाबूत. पण दाराचं लॉक दगा देतं. मग गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं : ‘अख्खं लॉक बदलावं लागेल, आणि ते मिळत नाही.’

बहुतेक वेळा अख्खं लॉक बदलावं लागत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. बिघाड असतो तो लॉकमधल्या नखाएवढ्या स्विचमध्ये, त्याच्या सोल्डरमध्ये (धातूच्या डाकात) किंवा दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या एखाद्या तुटलेल्या तारेत. तो शोधायचा क्रम ठरलेला आहे आणि अवजारंही फार लागत नाहीत.

आधी या लॉकची रचना. पूर्वीच्या गाड्यांत कडीचा भाग वेगळा आणि ती सळईने ओढणारी मोटर वेगळी असे. ऑक्टाव्हियात, तसंच त्याच सांगाड्यावरच्या चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये, हे सगळं एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात आहे : दार धरून ठेवणारा फिरता आकडा, छोटी डीसी मोटर, तिचे दाते आणि चारपाच मायक्रोस्विच. दार उघडं की बंद, लॉक लागलं की नाही, किल्ली कुठल्या बाजूला फिरली, हे सगळं हे स्विच दारातल्या कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे छोट्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला, कळवतात. दारातलं मॉड्यूल ते डॅशबोर्डखालच्या मुख्य कम्फर्ट मॉड्यूलला सांगतं आणि आतला दिवा, अलार्म, लॉक, काचा यांचे निर्णय तिथून होतात. एका स्विचने चुकीची खबर दिली की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

सगळ्यात जास्त बिघडतो तो दार उघडं-बंद सांगणारा स्विच. लक्षणं ओळखीची आहेत. दार उघडलं तरी आतला दिवा लागत नाही. हेडलाइट चालू ठेवून उतरलं तर इशारा वाजत नाही. किंवा याच्या उलट, सगळी दारं बंद असूनही मीटरमध्ये दार उघडं असल्याची खूण जळत राहते, रिमोटने लॉक लागून लगेच सुटतं आणि दोनतीन दिवस उभी राहिली की गाडी सुरू होत नाही. सुरुवातीला हे अधूनमधून होतं. दार जोरात आपटलं की दिवस-दोन दिवस बरं चालतं, म्हणून मालक दुर्लक्ष करतात.

या दुर्लक्षात खरा धोका आहे. रिमोटने गाडी उघडल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही, तर गाडी आपोआप पुन्हा लॉक होते. चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून ही सोय. पण स्विच मेलेला असेल तर चालकाचं दार उघडून परत लावलं तरी मॉड्यूलला ते उघडल्याचं कळतच नाही. किल्ली सीटवर ठेवून दार लोटलं आणि मागे सामान काढायला गेलं, की अर्ध्या मिनिटात चारही दारं लॉक आणि किल्ली आत. त्यातून, बाहेरून लॉक केल्यावर आतल्या हँडलनेही दार उघडू नये अशी चोरीविरोधी रचना या लॉकमध्ये असते. आत लहान मूल असेल आणि गाडी उन्हात उभी असेल, तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. लॉक असं वागायला लागलं की दुरुस्ती होईपर्यंत किल्ली खिशातच ठेवावी आणि मुलाला क्षणभरही गाडीत एकटं ठेवू नये.

आता तपासणी. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करावी, कारण कमी दाबावर मॉड्यूल आणि मोटर दोन्ही विचित्र वागतात. एकही दार लॉक होत नसेल तर फ्यूज पाहावेत. तीन दारं नीट चालतात आणि एकच चालत नाही, अशा वेळी मुख्य मॉड्यूलवर संशय घेण्याचं कारण नाही. दोष त्या दारात किंवा त्या दाराच्या तारांत आहे. हा साधा तर्क न करता मॉड्यूल बदलायला सांगणारे लोक आहेत. त्यांच्यापासून सावध राहावं.

स्कॅनर लावायचा तर तो फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडा याच गटातली) गाड्यांची भाषा समजणारा हवा. व्हीसीडीएससारख्या स्कॅनरवर पत्ता ४६ उघडला की कम्फर्ट मॉड्यूल दिसतं. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, ते या मॉड्यूलपर्यंत पोचत नाहीत. कोड ००९२८ म्हणजे चालकाच्या दाराचं लॉक, ००९२९ शेजारच्या सीटचं, ००९३० मागचं डावं आणि ००९३१ मागचं उजवं. मात्र हा कोड फक्त एवढंच सांगतो, की त्या लॉककडून आलेली खबर पटण्यासारखी नाही. स्विच गेला, तार तुटली की मोटर अडकली, हे त्यातून कळत नाही. इथेच गल्लत होते : स्क्रीनवर ‘लॉकिंग मॉड्यूल’ असे शब्द दिसले की अख्ख्या लॉकचं कोटेशन तयार होतं. त्याच स्कॅनरवर मेझरिंग ब्लॉकमध्ये प्रत्येक दाराची स्थिती चालू असताना दिसते. ती पाहत पुढची चाचणी केली तर दोष लवकर हाताला लागतो.

ही चाचणी स्कॅनर नसला तरी करता येते. दार पूर्ण उघडं ठेवायचं आणि आतल्या दिव्याचं बटण ‘दार’ स्थितीवर ठेवायचं. दाराच्या कडेला इंग्रजी यू अक्षरासारखा आकडा दिसतो. तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बंद होण्याच्या दिशेला ढकलायचा. पहिला ‘टक’ म्हणजे अर्धवट बंद, दुसरा ‘टक’ म्हणजे पूर्ण बंद. दुसऱ्या टकनंतर दिवा मंद होत विझायला हवा आणि बाहेरचं हँडल ओढून आकडा सोडवला की लागायला हवा. हे दहा-पंधरा वेळा करावं. कधी लागतो, कधी नाही, असं झालं तर स्विच किंवा त्याचं सोल्डर गेलं आहे. आकड्याच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर दिवा फडफडला तर जवळजवळ नक्कीच ड्राय सोल्डर, म्हणजे तडा गेलेला जोड. एक खबरदारी मात्र घ्यायचीच : आकडा बंद स्थितीत असताना दार लावू नये. तो थेट पिलरवरच्या (दाराशेजारच्या खांबावरच्या) स्ट्रायकरवर, म्हणजे आकडा ज्यात अडकतो त्या कडीवर, आपटतो आणि वाकतो.

हाताने आकडा फिरवल्यावर सगळं नीट चालतं, पण दार लावल्यावर गडबड होते, तर लॉक न उघडता आधी स्ट्रायकर पाहावा. वीस वर्षांत बिजागऱ्या झिजतात, दार मागच्या बाजूला दोनेक मिलिमीटर खाली बसतं, दाराभोवतीचं रबर कडक होतं. मग आकडा दुसऱ्या टकपर्यंत जातच नाही. दार बंद दिसतं, पण लॉकच्या हिशेबाने ते अर्धवटच असतं. स्ट्रायकरच्या कडेने पेन्सिलने खूण करून, बोल्ट सैल करून तो एखादा मिलिमीटर सरकवून पाहावा. एका वेळी एकाच दिशेने. लॉकला हातही न लावता कित्येक तक्रारी इथे मिटतात.

पुढची जागा म्हणजे दार आणि पिलर यांच्यामधली रबरी नळी. चालकाचं दार रोज आठदहा वेळा उघडतं असं धरलं, तरी वीस वर्षांत या तारा हजारो वेळा वाकल्या. तांबं आतल्या आत तुटतं आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं पाहून काही कळत नाही. एकाने लॉकचं बटण दाबत राहायचं आणि दुसऱ्याने नळी हाताने वर-खाली वाकवायची. दिवा, काच किंवा लॉक मध्येच जिवंत झालं तर दोष सापडला. मग नळी पिलरच्या बाजूने सोडवून मागे सरकवायची आणि एकेक तार चिमटीत धरून हलकेच ओढायची. तुटलेल्या तारेचं आवरण रबरासारखं ताणलं जातं, धड तार ताणली जात नाही. कपलरच्या, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगच्या, पिनांवर हिरवा थर असेल तर तोही काढावा.

तार जोडताना आपल्याकडे सरसकट एक चूक होते. तुटल्या जागीच पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळतात. सोल्डर केलं तरी सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि काही महिन्यांत जोडाच्या कडेलाच पुन्हा तुटते. योग्य रीत अशी : वाकणारा सगळा भाग कापून टाकायचा आणि १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, सिलिकॉन आवरणाची, बारीक धाग्यांची नवी तार मध्ये घालायची, म्हणजे दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी येतात. स्विचच्या तारांना अर्धा चौरस मिलिमीटर पुरते. काचेच्या मोटरच्या तारा मूळ जेवढ्या जाड आहेत तेवढ्याच घ्याव्यात. प्रत्येक जोडावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी आणि सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत, नाहीतर गाठीचा फुगवटा होऊन नळी बसत नाही.

एवढं करूनही दोष लॉकमध्येच आहे असं ठरलं, तर लॉक बाहेर काढावं लागतं. बॅटरी सोडवण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते पाहावं. या काळातले कंपनीचे रेडिओ वीज गेल्यावर कोड मागतात. मग डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढायचं. हँडलच्या टोपीमागचे स्क्रू आणि कडेचे स्क्रू निघाले की पॅड काचेच्या खाचेतून सरळ वर उचलायचं. बाहेरच्या बाजूला खेचलं तर वरची कड तुटते. मागे आतल्या हँडलची केबल आणि बटणांचे कपलर सोडवायचे. त्यामागे सगळी यंत्रणा अंगावर घेतलेला धातूचा मोठा पत्रा दिसतो. तो १० नंबरच्या बोल्टांनी बसवलेला असतो. काच अशा उंचीवर आणायची, की तिचे दोन क्लॅम्प पत्र्याच्या भोकांतून दिसतील. ते सैल करून काच वर सरकवायची आणि चौकटीवर मजबूत टेपने बांधून ठेवायची. या टप्प्यावर घाई करू नये, काच निसटली तर दाराच्या तळाशी जाऊन फुटते.

लॉक दाराच्या कडेला दोन बोल्टांवर असतं आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हे बोल्ट टॉर्क्सचे (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे) नाहीत. त्यांना बारा दात्यांचा, एम-८ मापाचा स्प्लाइन बिट लागतो. टॉर्क्सचा बिट दिसायला बसतो, पण जोर लावला की आतले दाते गोल होतात आणि मग बोल्ट ड्रिलने उडवावा लागतो. बिट लावण्याआधी बोल्टच्या तोंडातली धूळ आणि रंग टोकदार सुईने साफ करावा, बिट हलक्या हातोडीने पूर्ण आत बसवावा आणि मगच फिरवावा. चालकाच्या दाराला किल्लीचा बॅरल (किल्ली घालायचा गोल भाग) आधी काढावा लागतो. दाराच्या कडेच्या बारीक टोपीमागे त्याचा स्क्रू असतो. तो फक्त सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही.

लॉक टेबलावर आलं की आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड असेल तर बीप वाजवणाऱ्या स्थितीवर, लावून कपलरच्या पिना तपासाव्यात. आकडा फिरवल्यावर ज्या दोन पिनांमधला बीप बदलतो, तो दाराचा स्विच. बदल होतच नसेल किंवा बीप तुटक येत असेल, तर निदान पक्कं. आता झाकण. ते बारीक टॉर्क्स स्क्रू आणि कडेच्या प्लॅस्टिकच्या खटक्यांवर बसलेलं असतं. वीस वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून लॉक थोडा वेळ उन्हात ठेवून किंवा हेअर ड्रायरने कोमट करून मग खटके एकेक करून उचलावेत. आत स्प्रिंगा आहेत. प्रत्येक टप्प्याला फोटो काढावा, नुसत्या आठवणीवर विसंबू नये.

मायक्रोस्विचचे पाय भिंगातून पाहावेत. चांगलं सोल्डर चकचकीत असतं आणि पायाभोवती उताराने चढलेलं दिसतं. बिघडलेलं सोल्डर मळकट राखाडी असतं आणि पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. ती रेघ म्हणजे तडा. दार आपटल्याचा प्रत्येक धक्का स्विचच्या अंगाला बसतो आणि त्याला धरून ठेवायला हे दोनतीन पायच असतात. शिवाय उन्हाळ्यात उभ्या गाडीचं दार तापतं, रात्री निवतं. प्लॅस्टिक आणि तांबं सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि हा ताणही त्याच सोल्डरवर येतो.

दुरुस्ती करताना जुन्या सोल्डरवरच नवा थेंब चढवू नये. जुनं सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) शोषून काढावं, फ्लक्स लावावा आणि ६३-३७ किंवा ६०-४० प्रमाणात कथील-शिसं असलेलं रोझिनयुक्त बारीक सोल्डर वापरावं. आयर्न सुमारे ३५० अंशांवर, प्रत्येक पायाला दोनतीन सेकंद. जास्त वेळ टेकवला तर भोवतालचं प्लॅस्टिक वितळून स्विच तिरका होतो आणि आकड्याचा दांडा त्याच्यापर्यंत पोचत नाही. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी, पेट्रोलने नाही. स्विचच्या अंगाला न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा छोटा ठिपका दिला तर पुढचे धक्के पायांऐवजी तो सोसतो. व्हिनेगरसारख्या वासाचं साधं सिलिकॉन मात्र इथे कधीच वापरू नये, त्यातलं आम्ल तांबं खातं.

सोल्डर चांगलं असूनही स्विच चालत नसेल तर तो बदलावा, पण बदलताना निव्वळ आकार जुळवून भागत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पाच अँपिअर लिहिलेला मायक्रोस्विच सहज मिळतो आणि ‘जास्त अँपिअर म्हणजे जास्त दणकट’ असं समजून तो बसवला जातो. दाराच्या स्विचमधून वाहणारा प्रवाह मात्र काही मिलिअँपिअरच असतो. मोठ्या प्रवाहाचे स्विच चांदीच्या संपर्कांचे असतात. चांदीवर साचणारा थर मोठ्या प्रवाहाच्या ठिणगीने जळून साफ होतो, मिलिअँपिअरला ते जमत नाही. म्हणून असा स्विच चार-सहा महिने चालतो आणि पुन्हा तीच तक्रार. इथे ०.१ अँपिअरचा, सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचा, सीलबंद स्विच घ्यावा. बटणाची उंची आणि पायांमधलं अंतर व्हर्निअरने मोजून जुळवावं. अशा स्विचला नव्या लॉकच्या तुलनेत अगदी किरकोळ पैसे पडतात.

मोटरचं काय? लॉकचा आवाज मरगळलेला येत असेल, थंडीत लागतं आणि दुपारी लागत नाही असं काही होत असेल, तर मोटरच्या दोन तारांवर १२ व्होल्ट, ५ वॅटचा टेस्ट लॅम्प लावून लॉक दाबावं. डिजिटल मीटर अर्ध्या सेकंदाचा झटका नीट दाखवत नाही, दिवा दाखवतो. मात्र स्विचच्या बारीक तारांना टेस्ट लॅम्प लावू नये, मॉड्यूलला इजा होऊ शकते. दिवा ठसठशीत पेटतो आणि मोटर फिरत नाही, तर मोटर गेली. ब्रशची भुकटी साफ करून ती काही काळ चालते, पण रोज वापराच्या गाडीत त्या भरवशावर राहू नये. अशा वेळी जुनं लॉक शोधणंच शहाणपणाचं.

कुर्ल्याला किंवा इतर जुन्या बाजारात लॉक घेताना त्यावरच्या स्टिकरचा पूर्ण क्रमांक जुळवावा, शेवटच्या अक्षरांसकट. फोक्सवॅगन गटाच्या पद्धतीप्रमाणे शेवटचा अंक विषम असेल तर डावी बाजू, सम असेल तर उजवी : पुढच्या दारांसाठी ८३७ ०१५ आणि ८३७ ०१६, मागच्यांसाठी ८३९ ०१५ आणि ८३९ ०१६. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं लॉक इथे दिसायला बसतं, पण चालकाची बाजू बदलल्याने आतले स्विच वेगळे असतात. घेण्याआधी त्याच दुकानात आकडा फिरवून मीटरने तपासावं. पहिल्या पिढीच्या स्कोडा सुपर्बमध्येही याच घराण्यातली लॉक आहेत.

काही ठिकाणी मूळ लॉक तसंच ठेवून बाजारातली ‘गन’ बसवतात, म्हणजे दोन किंवा पाच तारांची सुटी मोटर. ज्या साध्या गाड्यांत कडी सळईने चालते तिथे ती उत्तम काम देते. इथे तिला पकडायला सळईच नाही, आणि लॉक लागल्याची खबर न मिळाल्यामुळे मॉड्यूल लॉक लावून पुन्हा सोडत राहतं. त्याहून वाईट म्हणजे दिवा सारखा जळतो म्हणून स्विचची तारच कापून टाकणं. तार कापली की अलार्मला त्या दाराची खबर राहत नाही आणि वर सांगितलेला किल्ली आत अडकण्याचा धोका कायमचा मागे लागतो. पिलरवर फ्रीजच्या दिव्यासारखा वेगळा दाबाचा स्विच बसवून त्याच तारेला जोडणं ही तात्पुरती सोय म्हणून आम्हाला मान्य आहे, फक्त मूळ कपलर न कापता.

जोडणी उलट क्रमाने. आकड्याच्या धुरीवर पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावावं. इंजिन ऑइल किंवा खोबरेल लावू नये, धूळ चिकटून लगदा होतो. गंज सैल करणारा स्प्रे मारलाच तर तो जुनं ग्रीसही धुऊन काढतो, म्हणून नंतर ग्रीस द्यावंच लागतं. पॅड लावण्याआधी, दार उघडंच ठेवून, आकडा स्क्रूड्रायव्हरने बंद करून रिमोट, किल्ली आणि आतलं बटण अशा तिन्ही मार्गांनी लॉक लावून-सोडून पाहावं. आतलं आणि बाहेरचं हँडल आकडा सोडवतं का तेही पाहावं. ही चाचणी टाळून दार लावलं आणि लॉक आत अडकलं, तर बंद दाराचं पॅड फोडण्यावाचून मार्ग राहत नाही.

शेवटी प्रवाह मोजावा. बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत अँपिअरमीटर घालून, गाडी लॉक करून वीसेक मिनिटं थांबावं, म्हणजे सगळी मॉड्यूल झोपतात. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या खाली आला की काम झालं. दार उघडं असल्याच्या गैरसमजात मॉड्यूल जागी राहिली आणि अर्धा अँपिअर खात राहिली, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्याहून अधिक रिकामी होते, ती याच हिशेबाने. बॅटरी जोडल्यावर प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन बटण एकदोन सेकंद धरून ठेवावं, म्हणजे एका झटक्यात काच वर जाण्याची सोय परत येते.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या मालकांनी एक गोष्ट जास्त जपावी. त्या धातूच्या पत्र्याच्या कडेचं फोमचं सील एकदा उघडलं की जुनं पुन्हा चालत नाही. तिथे ब्यूटाइल टेप लावावी आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी करावीत. नाहीतर काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी लॉकच्या कपलरवर आणि तिथून गाडीच्या गालिच्याखाली जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा निघतं.

याच सांगाड्यावरची पहिल्या पिढीची ऑडी टीटी फार थोड्या लोकांकडे आहे, पण तिच्याबद्दल सांगायला हवं. तिच्या काचेला चौकट नाही. दार उघडताना काच सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरते आणि लावल्यावर वर जाते, तेही लॉकमधल्या स्विचच्या सांगण्यावरून. स्विच गेला तर काच तशीच वर राहते आणि दार लावताना छताच्या रबरावर आदळते. त्या गाडीत दोष दिसताच काच दोन बोटं खाली ठेवूनच दार उघडावं-लावावं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचं क्षेत्रही आहे. त्या पोर्टलवर कंपन्यांनी निव्वळ हेल्पलाइन आणि सर्व्हिस सेंटरचे पत्ते देऊ नयेत. बंद झालेल्या मॉडेलांच्या लॉकच्या पिनांची आकृती, आतल्या स्विचचं माप आणि अदलाबदल चालणारे पार्ट क्रमांक तिथे मराठीसह भारतीय भाषांत द्यावेत. जी गाडी महाराष्ट्रात जोडली गेली, तिच्या दाराच्या तारांचा नकाशा इथल्या कारागिराला परदेशी मालकांच्या चर्चांमधून शोधावा लागतो, हे बरोबर नाही. नोंदणीकृत भंगार केंद्रांनी दारं पत्र्यासकट दाबून टाकण्याआधी लॉक काढून क्रमांकासह विकायला ठेवावीत. आयटीआयमध्ये वाहनांच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांना अशी मेलेली लॉक उघडायला, त्यातला तडा भिंगाखाली पाहायला आणि सोल्डर करायला द्यावीत.

गाडी पंधरा वर्षांची झाली की मालक फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून ती पुढे चालवतात. त्यांनी गॅरेजमध्ये गाडी देताना एवढंच विचारावं : आकडा हाताने फिरवून पाहिला का, रबरी नळीतल्या तारा तपासल्या का, आणि जुनं लॉक मला परत मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरं गॅरेज पाहावं.

आपले,
जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, पुणे